दुसरा पट्टा

एकोणीसशे बहात्तर साल. त्या वर्षी एकाच घरात दोन गोष्टी आल्या, सासूबाईंची नवी कवळी आणि सूनबाईंच्या प्रबंधाचं शेवटचं प्रकरण. दोन्ही जागच्या जागी बसायला तयार नव्हत्या.

सूनबाईंना सगळी गल्ली डिंकवाली म्हणे. हे नाव सासूबाईंनीच पाडलेलं. लग्न होऊन ती घरात आली तेव्हा तिच्या पेटीत कपड्यांच्या खाली झाकणबंद बाटल्या निघाल्या आणि बाटल्यांत झाडाचा डिंक. सासूबाईंनी एकेक बाटली उजेडाकडे धरून पाहिली आणि म्हणाल्या, "आमच्याकडे एवढी पाकिटं चिकटवायची नसतात गं." त्यात राग नव्हता, पण नाव मात्र चिकटलं ते कायमचं.

कालव्याच्या काठी वाढणाऱ्या एका काटेरी झाडाच्या खोडातून हा डिंक पाझरे. डिंक म्हणजे साखरेच्या कणांची लांबलचक माळ, फक्त या माळेत जागोजागी विजेचा ऋण भार असतो, आणि डिंकवालीचं सगळं काम त्या भारावर चालायचं. खारट पाण्यात भिजवलेली कागदासारखी पातळ पट्टी त्याच पाण्याच्या दोन कुंड्यांवर पुलासारखी आडवी टाकायची. तिच्या एका टोकाशी डिंकाच्या पाण्याचा थेंब ठेवायचा आणि कुंड्यांत तारा सोडून वीज चालू करायची. की डिंक धन तारेच्या ओढीने सरकू लागतो. ज्याच्यावर भार जास्त तो पुढे पळतो, ज्याच्यावर कमी तो मागे रेंगाळतो. यातलं डोळ्यांना काहीच दिसत नाही, म्हणून शेवटी पट्टी निळ्या रंगात बुडवून धुवायची. जिथे डिंक असेल तिथे रंग धरून राहतो आणि आडवा पट्टा उमटतो. जितके पट्टे, तितक्या जातींचे डिंक.

डिंकवालीला नेहमी एकच पट्टा मिळे. कालव्याच्या या काठचं झाड घ्या की त्या काठचं, कोवळं घ्या की जून, पट्टा एकच, आणि तोही रेघ ओढल्यासारखा. हा डिंक म्हणजे एकच एक पदार्थ आहे, हे तिच्या प्रबंधाचं सार. चार वर्षं तिने हेच केलं होतं. तिची बोटं नखांपर्यंत निळी झाली होती आणि शेजारणी तिच्या हातचा चहा जरा निरखून घेत.

आता हत्ती गेला होता आणि शेपूट राहिलं होतं. पण त्या शेपटाला बरंच काही बांधलेलं होतं. गावात मुलींचं नवं कॉलेज निघालं होतं, घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर. तिथली रसायनाची जागा डिंकवालीला मिळणार होती. प्राचार्यबाईंनी तिला रिकामी प्रयोगशाळा दाखवलीसुद्धा होती. उंच खिडक्या, अजून एकही डाग न पडलेली ओळीने टेबलं, आणि नळ उघडला तर नुसती हवा. डिंकवाली त्या खोलीच्या प्रेमात पडली. प्राचार्यबाईंनी अट एकच घातली होती, की सत्र सुरू होण्याआधी पदवी हवी. नाहीतर दुसऱ्या एका बाईंचा अर्ज तयार होता.

आणि पदवीच्या वाटेत उरली होती फक्त शेवटची पट्टी.

विद्यापीठातल्या तिच्या मार्गदर्शक सरांचा एक नेम होता. विद्यार्थ्याने वर्षानुवर्षं कितीही पट्ट्या काढलेल्या असोत, जिचा फोटो प्रबंधात जाणार ती शेवटची पट्टी सर स्वतःच्या हाताने काढत. हाताने म्हणजे खरं तर तोंडाने. त्या काळी काचेची बारीक नळी ओठांत धरून डिंकाचं पाणी खुणेपर्यंत ओढायचं आणि जिभेच्या टोकाने अडवायचं, अशीच रीत होती. रबरी फुगे तेव्हाही मिळत, पण सर ते वापरू देत नसत. त्यांच्या मते नळी आणि जीभ यांच्यामध्ये तिसरं कोणी आलं की चूक आली. शिवाय नळीच्या टोकाशी अडकलेला शेवटचा थेंब ते हळूच फुंकून काढत. थेंबही टाकवत नसे असा तो माणूस.

सर नुकतेच रजेवरून आले होते. हवापालटाला गेलो होतो असं त्यांनी सांगितलं. हवा चांगलीच मानवलेली दिसत होती, कारण गेली काही वर्षं बोलताना तोंडापुढे हात धरणारे सर आता भरल्या गालांनी हसत होते आणि त्यांचे दात दोरीला लावून बसवल्यासारखे दिसत होते. सरांची समजूत अशी, की हे कोणाच्या लक्षात आलं नाही. ती समजूत मोडायचं धाडस कोणालाच झालं नाही. शिपायापासून विभागप्रमुखांपर्यंत सगळे त्यांच्या कपाळाकडे बघून बोलू लागले.

ठरल्या सकाळी सरांनी बाह्या वर केल्या, नळी ओठांत धरली, पाणी ओढलं, पट्टीवर सोडलं, शेवटचा थेंब फुंकला. वीज चालू झाली. यथावकाश पट्टी रंगात गेली, धुतली गेली, आणि काचेवर पसरली.

तिच्यावर दोन पट्टे होते.

पहिला आपला नेहमीचा. दुसरा त्याच्या मागे बोटभर अंतरावर, जांभळट, जरा पसरट, पण स्पष्ट. डिंकवालीने चष्मा पुसला. पट्टे दोनच राहिले.

सरांनी आधी पट्टीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. मग त्यांनी पुन्हा एक पट्टी काढली. पुन्हा दोन. डिंकवालीने त्याच बाटलीतल्या पाण्याची स्वतः काढली. एक. सरांनी तिसऱ्यांदा काढली. दोन. दुपार होईपर्यंत टेबलावर पट्ट्यांची रांग लागली. सरांच्या सगळ्या दुपट्टी, तिच्या सगळ्या एकपट्टी.

"तू चार वर्षं एका डोळ्याने बघत होतीस," सर म्हणाले.

ते रागावले असते तर परवडलं असतं. पण पट्टीकडे बघता बघता त्यांचा राग उतरला आणि चेहऱ्यावर एक कोवळी खुशी पसरली. निवृत्तीला थोडाच काळ उरलेला, आणि आयुष्यात प्रथमच आपल्या हाताखालून काहीतरी नवं निघालं आहे, असं त्यांना वाटलं. तिला एकच पट्टा का मिळतो याचं स्पष्टीकरणही त्यांनी जागेवरच दिलं. हा दुसरा डिंक फार नाजूक असणार, घाईच्या हाताला तो दिसतच नाही. त्याला जुना, ठरलेला हात लागतो. प्रबंध आता थांबवावा, दुसरा डिंक वेगळा काढावा, तो काय आहे ते शोधावं. फार तर दोन वर्षं लागतील, असं ते अगदी आनंदाने म्हणाले.

डिंकवाली घरी आली ती पायरीवरच बसली. नवरा नकाशे काढणाऱ्या कचेरीत होता. शांत माणूस, रेघ वाकडी गेली तरच त्याला दुःख होई. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, की दुसरा पट्टा खोडता येणार नाही का. सासूबाईंनी मात्र आतून नेमकं बोट ठेवलं.

"कानामागून आली आणि तिखट झाली," त्या म्हणाल्या. कवळी सैल असल्यामुळे शेवटचा शब्द जरा लांबला.

पुढचे काही आठवडे डिंकवालीने त्या मागून आलेलीचा पिच्छा पुरवला. पाणी बदललं. बाटल्या उकळल्या. रंग नवा आणला. कुंड्या अशा घासल्या, की त्यांच्यावरचे बरेच आकडे निघून गेले. तरी सरांचे दोन ते दोन आणि तिचा एक तो एक. सरांनी सांगितल्याप्रमाणे दुसरा डिंक वेगळा काढायचा तर कच्चा माल भरपूर हवा, म्हणून एका सुट्टीच्या दिवशी सगळं घर कालव्यावर गेलं. नवऱ्याने झाडांचा नकाशा केला. सासूबाई सावलीत बसून डिंकाचे खडे निवडायच्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या, की आमची सून शिकलेली आहे, म्हणून हे चाललंय. बादलीभर डिंक जमला. तो विरघळवला, गाळला, साका बसवला, थरांत वेगळा केला. बादलीतून निघाला एकच डिंक. दुसऱ्याचा मागमूस नाही. आणि त्याच बादलीतला थेंब सरांनी घेतला की लगेच दोन.

"लाजाळू आहे तो," सर कौतुकाने म्हणाले.

त्याहून वाईट म्हणजे सरांनी आपल्या एका जुन्या मित्राला कळवलं. हा मित्र दुसऱ्या विद्यापीठात मोठा प्राध्यापक होता आणि डिंकवालीच्या प्रबंधाचा परीक्षकही तोच होता. दोघं एकाच खोलीत राहून शिकलेले. तेव्हापासून दोघांमध्ये कोण पुढे याचा हिशेब न बोलता चालू होता. मी स्वतः येऊन, स्वतः पट्टी काढून बघेन, मगच मानेन, असा मित्राचा निरोप आला. तोपर्यंत प्रबंध टेबलाच्या खणात पडून राहिला, आणि मुलींच्या कॉलेजात नळाला पाणी आल्याची बातमी कोणीतरी हौसेने आणली.

मग एका सकाळी काय झालं, सासूबाईंची कवळी चहाच्या कपात पडली.

पडली ती पडली, वर त्या हसू लागल्या, आणि हसू लागल्या म्हणून ती पुन्हा बसेना. त्यांनी फळीवरचा गुलाबी डबा मागितला. कवळीला आतून भुरभुरवायची पूड असे त्यात. ती ओली झाली की चिकट होते आणि कवळी हिरडीला धरते. डिंकवालीने डबा उघडून पुढे केला, सासूबाईंनी चिमूट घेतली, हात हलला आणि निम्मी पूड मोरीतल्या पाण्यात सांडली. ती धुवून काढायला डिंकवालीने पाण्यात हात घातला. पूड तोवर फुगून बुळबुळीत झाली होती. नखांत राहिलेला आदल्या दिवशीचा निळा रंग सुटून पाण्यात उतरला आणि सरळ त्या बुळबुळीला जाऊन बिलगला. बघता बघता तिचे जांभळट पुंजके झाले.

डिंकवाली तशीच वाकून उभी राहिली. हा जांभळा रंग तिच्या चांगल्याच ओळखीचा होता.

"काय गं, मोरीत काय सोनं सापडलं?" सासूबाई तोंड मिटून म्हणाल्या.

"आई, या पुडीत काय असतं?"

"मला काय विचारतेस, डब्यावर लिहिलंय बघ."

डब्यावर बारीक अक्षरांत लिहिलं होतं, की ही पूड शुद्ध वनस्पतीज डिंकाची आहे. कुठल्यातरी परक्या झाडाचा, पण डिंकच. डिंकवालीने चिमूटभर पूड कागदात बांधली, चहा तसाच टाकला आणि प्रयोगशाळा गाठली. सर यायच्या आत तिने पुडीच्या पाण्याची पट्टी काढली आणि सरांच्या पट्टीशेजारी काचेवर ठेवली. सरांचा दुसरा पट्टा आणि पुडीचा एकुलता पट्टा एका रेषेत उभे राहिले, वर्गातल्या शहाण्या मुलांसारखे.

म्हणजे नवा डिंक झाडात नव्हताच. तो सरांच्या तोंडात होता. नळी ओठांत धरली की तो नळीला लागे, आणि शेवटचा थेंब फुंकला की थेट पट्टीवर येई. नाजूक होता, लाजाळू होता, जुन्या हातालाच दिसत होता, यातलं काहीही खोटं नव्हतं.

कोडं सुटलं आणि खरी पंचाईत सुरू झाली. हे सरांना सांगायचं कसं? ज्या माणसाच्या कवळीकडे अख्खा विभाग डोळे उचलून बघत नाही, त्याला त्याच्या विद्यार्थिनीने सांगायचं, की तुमचा शोध तुमच्या हिरड्यांवर आहे? आणि न सांगावं तर दोन वर्षं गेली, जागा गेली, उंच खिडक्या गेल्या. परीक्षक दुसऱ्या दिवशी यायचे होते.

संध्याकाळी घरात बैठक बसली. नवऱ्याने सुचवलं, की निनावी चिठ्ठी टाकावी. सासूबाईंनी ते हाताने झटकून टाकलं, चष्मा नाकावर ओढला, खुर्चीत ताठ बसल्या आणि म्हणाल्या, की मी सर आहे, बोल काय बोलायचंय ते.

"सर, तुमच्या कवळीची पूड..."

"नापास. पुढची."

"सर, रजेवरून आल्यापासून तुमच्या तोंडात..."

"हाकलून देईन. पुढची."

"मग काय सांगू, आई?"

सासूबाईंनी चष्मा काढला. पुरुषाला त्याचं वय सांगावं, चुकाही सांगाव्यात, पण त्याचे दात त्याला सांगू नयेत, असं त्यांचं अनुभवाचं मत होतं. सासरेबुवा होते तेव्हा सासूबाईंनी स्वतः त्यांच्यावर तो प्रयोग करून पाहिला होता आणि त्यानंतर बराच काळ घरात कोणी कोणाशी बोललं नव्हतं. मग त्यांनी थोडा विचार केला आणि तोडगा काढला.

"माझ्यावर ढकल," त्या म्हणाल्या. "घरात सासूची कवळी आहे, तिची पूड माझ्या हाताला लागून आली असेल, असं सांग. माझे दात काही नोकरीला नाहीत, त्यांची कुठे बढती अडणार आहे?"

तोडगा इतका सोयीचा होता, की त्याला भोक आहे हे कोणाच्याच ध्यानात आलं नाही. डिंकवाली त्या रात्री शांत झोपली.

परीक्षक आले ते उंचेपुरे, पांढऱ्या मिशांचे, हसताना ओठ फार न उघडणारे गृहस्थ. त्यांनी चहा घेतला, बिस्किटाला नकार दिला आणि लगेच बाह्या वर केल्या. ठरलं असं, की एकाच बाटलीतल्या पाण्याच्या तीन पट्ट्या काढायच्या. एक सर काढतील, एक परीक्षक, आणि एक डिंकवाली. तिची मधे ठेवायची, म्हणजे तुलना होईल. दोन म्हातारे शेजारी शेजारी उभे राहिले, दोघांनी नळ्या ओठांत धरल्या, आणि एकमेकांकडे तिरक्या नजरेने बघत पाणी ओढलं. परीक्षकांनीही शेवटचा थेंब फुंकला. दोघं एकाच गुरूचे चेले होते.

पट्ट्या रंगातून निघाल्या. सरांच्या पट्टीवर दोन पट्टे. डिंकवालीच्या पट्टीवर एक. परीक्षकांच्या पट्टीवर दोन.

सरांचा चेहरा फुलला. उंदराला मांजर साक्ष निघालं होतं.

पण परीक्षक वाकून बघत होते, आणि बघता बघता त्यांच्या भुवया जवळ आल्या. त्यांचा दुसरा पट्टा सरांच्या जागी नव्हता. सरांचा दुसरा पट्टा नेहमीच्या डिंकाच्या मागे होता. परीक्षकांचा दुसरा पट्टा सगळ्यांच्या पुढे, धन तारेकडे धावत गेलेला.

मग जे भांडण जुंपलं ते विद्वानांचं होतं, म्हणून आवाज चढले नाहीत, पण जुनी उणीदुणी सगळी निघाली. सर म्हणाले, की तुझा हात पहिल्यापासून थरथरतो, थेंब पुढे सांडला असेल. परीक्षक म्हणाले, की तुझी पट्टी सुकली होती, तुला तेव्हाही धीर नव्हता. सरांनी कुठल्याशा जुन्या परीक्षेत फुटलेली परीक्षानळी काढली. परीक्षकांनी त्याच परीक्षेतले गुण काढले. आधी एकच डिंक होता, मग दोन झाले, आता तीन झाले, आणि वर्षंही त्याच हिशेबाने वाढणार, हे डिंकवालीला दिसू लागलं. दोघंही म्हणू लागले, की हिला नव्याने सुरुवात करू दे.

"सर," ती म्हणाली, "जरा माझं ऐकाल का? चूक माझ्या घरची आहे."

दोघं थांबले. तिने कागदात जपून ठेवलेली पुडीची पट्टी काढली आणि सरांच्या पट्टीशेजारी ठेवली. मग खाली बघत, पाठ केलेलं सांगितलं. घरी सासूबाई कवळी लावतात. ती धरून राहावी म्हणून गुलाबी डब्यातली पूड असते. पूड डिंकाचीच असते. सकाळी डबा मीच उघडून देते. माझ्या हाताला लागून ती इथल्या पाण्यात आली असणार. सरांच्या पट्टीवर जो दिसतो, तो आमच्या सासूबाईंचा पट्टा आहे.

सरांनी दोन्ही पट्ट्या जवळ ओढल्या.

आणि तेवढ्यात डिंकवालीला तोडग्याचं भोक दिसलं. पूड तिच्या हाताला लागली असती, तर दोन पट्टे तिच्या पट्टीवर आले असते. तिच्याच तर पट्टीवर एक होता. हे गणित पहिल्या वर्षाच्या मुलालाही सुटलं असतं, आणि समोर तर दोन प्राध्यापक उभे होते.

सर दोन्ही पट्ट्यांकडे बघत राहिले. मग त्यांनी ओठ मिटले, अगदी घट्ट, आणि जिभेने आतून गाल चाचपला. त्यांना उत्तर सुटलं होतं. विद्यार्थिनीने तिच्या घरची अब्रू आपल्या अब्रूवर पांघरूण म्हणून घातली आहे, हेही त्यांना कळलं असावं, कारण ते बोलले तेव्हा त्यांचा आवाज फार मऊ होता.

"असेल," ते म्हणाले. "सासूबाईंचाच असेल. हाताला लागतं असं कधीकधी." मग त्यांच्यातला रसायनशास्त्रज्ञ गप्प बसेना. त्यांनी मित्राच्या पट्टीकडे बोट केलं. "पण मग हा पुढचा कोणाचा?"

"ती निळ्या डब्यातली," परीक्षक चटकन म्हणाले. "तिच्यात झाडाचा डिंक नसतो, समुद्री शेवाळाचा असतो. भार जास्त, म्हणून पुढे पळतो. उघड आहे."

उत्तर अगदी अचूक होतं. वर्गात दिलं असतं तर पूर्ण गुण मिळाले असते. ते देऊन झाल्यावर मग परीक्षकांच्या लक्षात आलं, की निळ्या डब्याचा उल्लेख खोलीत कोणीच केला नव्हता.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते इतकं लख्ख डिंकवालीने आयुष्यात कधी पाहिलं नव्हतं. तिने घाईने कुंडी धुवायला घेतली आणि पाठ फिरवली. मग पाठीमागून सरांचा आवाज आला, अगदी सहज, हवापाण्याविषयी विचारावं तसा.

"निळा बरा आहे का?"

"जेवताना धरतो," परीक्षक म्हणाले. "भाषणात दगा देतो."

"गुलाबी भाषणात धरतो. जेवताना नाही."

"मग तू जेवताना काय करतोस?"

"घरीच जेवतो."

त्यानंतर जो आवाज आला तो दोन म्हाताऱ्यांच्या हसण्याचा होता. एकमेकांपासून इतके दिवस दात लपवलेली ती माणसं टेबलाला धरून हसत होती, आणि मधेच एकाचा हात तोंडाकडे गेला की दुसऱ्याला आणखी हसू येत होतं. डिंकवालीने ती कुंडी इतकी धुतली, इतकी धुतली, की तिच्यावरचे उरलेसुरले आकडेही गेले.

तोंडी परीक्षा दुपारी झाली. परीक्षकांनी प्रबंध चाळला, एकपट्टीचा फोटो उजेडात धरून पाहिला आणि एकच प्रश्न विचारला, की या कामात पुढे काही सुधारणा सुचते का. डिंकवाली म्हणाली, की नळीला रबरी फुगा लावावा. दोघांनी गंभीरपणे मान हलवली.

सरांनी दुसऱ्याच आठवड्यात पेटीभर रबरी फुगे मागवले आणि नळीला तोंड लावायचं नाही असा कडक नियम केला. त्याचं कारण त्यांनी कोणाला सांगितलं नाही. निवृत्त झाल्यावर ते मित्राच्या गावी, त्याच्या शेजारीच राहायला गेले. तिथे दोघांनी दोन्ही पुडी वेगवेगळ्या प्रमाणात मिसळून पाहिल्या, आणि जेवणात व भाषणात सारखीच धरणारी एक पूड बनवली. तिच्यावर शोधनिबंध लिहिण्याची परीक्षकांची फार इच्छा होती, पण प्रयोग कोणावर केले हे लिहावं लागेल म्हणून ती राहून गेली. परीक्षक आधी गेले. सर पुढे पाच-सहा वर्षं होते, आणि त्या काळात त्यांना भाषणं करावीशी वाटली नाहीत.

सासूबाईंना त्या पुडीचा एक डबा दर वर्षी भेट येत असे. पाठवणाऱ्याचं नाव नसे. त्या तो वापरत आणि पाठवणाऱ्याला दुवा देत. चांगल्या नव्वदीपर्यंत त्यांनी सगळं चावून खाल्लं आणि बोलण्यातही काही कमी पडू दिलं नाही. नवऱ्याने कालव्याचा जो नकाशा काढला होता तो कचेरीत वरच्या साहेबांना इतका आवडला, की काठावरची सगळी झाडं सरकारी नकाशात गेली. आता ती झाडं नाहीत, नकाशात मात्र आहेत.

आणि डिंकवालीला ती प्रयोगशाळा मिळाली. टेबलांवर तिने यथेच्छ डाग पाडले. तिच्या हाताखालून कितीतरी मुली शिकून बाहेर पडल्या. खूप वर्षांनी, नवं आणि तल्लख यंत्र आल्यावर, त्यातली एक मुलगी एका दुपारी तिच्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. हातातला कागद मागे लपवलेला, डोळे खाली. मॅडम, ती म्हणाली, माझ्याच हाताची काहीतरी चूक झाली असेल, पण तुमच्या प्रबंधातला तो डिंक आहे ना, त्याचे दोन पट्टे येतायत. मी भांडी पुन्हा धुतली, पाणी बदललं, घरी माझ्या आजीची...

"आजीला त्यात आणू नकोस," डिंकवाली म्हणाली. "बस आधी. दाखव."

तिने कागद उजेडाकडे धरला. खरंच दोन होते, अगदी चिकटून, जुन्या पट्टीवर एक दिसावेत असे. तिने ते पुष्कळ वेळ पाहिले. मग तिने मुलीसाठी चहा मागवला, टेबलावरचा मुलीच्या प्रबंधाचा पहिला कागद पुढे ओढला, आणि पट्टे किती यापुढे मुलीने भीतभीत कोरी सोडलेली जागा भरायला तिच्या हातात पेन दिलं.

"दोन लिही," ती म्हणाली. "ठळक लिही."